शोषखड्डे, नायट्रोजन आणि शंभर डॉलरमागे साडेबारा सेंट: सफोक काउंटीने पाण्याचा कायदा कसा करून घेतला

न्यूयॉर्क शहरातून पूर्वेकडे निघालं की लाँग आयलंड हे लांबलचक बेट लागतं, आणि त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे सफोक काउंटी. लोकसंख्या साधारण १५ लाख. हॅम्प्टन्समधले अतिश्रीमंतांचे बंगले याच काउंटीत आणि मॅस्टिक, ब्रेंटवूडसारख्या ठिकाणची नोकरदारांची, कामगारांची साधी घरंही याच काउंटीत. एवढ्या सगळ्या वस्तीत चारपैकी जवळजवळ तीन घरांना ड्रेनेज लाइन नाहीये. इथे नवीन राहायला आलेल्या आपल्या मराठी लोकांना हे सांगितलं की पहिल्यांदा खरंच वाटत नाही, कारण घर घेताना सगळे शाळा बघतात, टॅक्स बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात, आणि घराचं सांडपाणी जातं कुठे हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. ते जातं समोरच्या लॉनखाली पुरलेल्या खड्ड्यात. असे खड्डे आणि सेप्टिक टँक मिळून काउंटीत साडेतीन लाखांच्या वर आहेत.

त्यातले अडीच लाखांच्या आसपास १९७३ च्या आधीचे, म्हणजे निव्वळ शोषखड्डे. काँक्रीटच्या गोल रिंगा एकावर एक रचलेल्या, रिंगांना बाजूने भोकं, तळ उघडा. संडास, न्हाणी, किचन, वॉशिंग मशीन सगळ्याचं पाणी एकाच पाइपने आत येतं, घट्ट भाग खाली बसतो, पाणी भोकांतून बाहेर वाळूत मुरतं. वर झाकण असतं पण त्यावर फूटभर माती आणि गवत, त्यामुळे उपसा करायला गाडीवाला येतो तेव्हा लांब लोखंडी सळई घेऊन लॉनमध्ये ठिकठिकाणी टोचत फिरतो, आणि खालून ठण्ण आवाज आला की तिथे खणतो. बऱ्याच घरमालकांना आपला खड्डा नेमका कुठे आहे हे त्याच दिवशी कळतं. इथली जमीन रेताड असल्यामुळे पाणी भराभर मुरतं, खड्डा वर्षानुवर्षं तुंबत नाही, आणि तुंबत नाही म्हणून कोणाला काही बिघडलंय असं वाटतही नाही.

पण प्यायचं पाणीही त्याच जमिनीखालून येतं. सफोकला कुठलं धरण नाही, डोंगरातून येणारी पाइपलाइन नाही, जे काही पाणी आहे ते बेटाखालच्या भूजलाचं, वाळूच्या तीन मोठ्या थरांत साठलेलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने म्हणजे ईपीएने तसं अधिकृत जाहीरच केलं की या भागाला पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत नाही. तुमच्या पुण्या-नाशिकच्या कडेला एनए प्लॉटवर बंगला आहे, एका कोपऱ्यात सेप्टिक टँक आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोअर, ती परिस्थिती १५ लाख माणसांच्या मापाने मनात आणा म्हणजे चित्र समजेल. इथे नळाचं पाणी खोल विहिरींतून येतं, तपासलं जातं, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे आणि पुरवठा करणारे ती पाळतात. पण वरचा उथळ थर जिथे जिथे ओढ्यांत, तळ्यांत आणि खाड्यांत उघडा होतो तिथे हा नायट्रोजन सरळ समुद्राच्या उथळ पाण्यात जाऊन पोचतो, आणि खरं नुकसान आधी तिथे दिसलं.

ग्रेट साउथ बे नावाची खाडी आहे इथे. १९७० च्या दशकात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या जाड कवचाच्या क्लॅम्सपैकी, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या मोठ्या भावंडांपैकी, अर्ध्याहून जास्त माल या एका खाडीतून जायचा, हजारो माणसांचं पोट त्यावर होतं. तो धंदा बसला. त्यात आधी बेसुमार उपसा हेही कारण होतं, सगळा दोष सांडपाण्यावर टाकणं बरोबर नाही, पण नंतर शिंपल्यांना परत वाढायला जे स्वच्छ पाणी हवं होतं ते उरलंच नाही. १९८५ मध्ये पेकॉनिकच्या खाडीत आणि ग्रेट साउथ बेमध्ये तपकिरी शेवाळाची लाट आली, इथे तिला ब्राउन टाइड म्हणतात, आणि पेकॉनिकमधले स्कॅलप्स, म्हणजे शिंपल्यांचाच एक प्रकार, जवळजवळ संपले. त्यानंतर तांबड्या, हिरव्या-निळ्या शेवाळांच्या लाटा दर उन्हाळ्याच्या बातम्यांत यायला लागल्या. स्टोनी ब्रूक विद्यापीठातले क्रिस्टोफर गोबलर गेली कित्येक वर्षं हे मोजतायत आणि लोकांपुढे मांडतायत. काउंटीच्या अभ्यासातही हेच निघालं की खाड्यांत आणि भूजलात जाणाऱ्या नायट्रोजनचा सगळ्यात मोठा वाटा, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास, घरगुती सांडपाण्याचा आहे. लॉनवरच्या खताचा आहेच, पण त्यापेक्षा खूप कमी.

आता इथे मला जे सांगायचंय ते विज्ञानाबद्दल फारसं नाही, ते तसं लवकरच स्पष्ट झालं होतं. मला सांगायचंय ते हे की एका काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा पातळीच्या सरकारने, कुठला नियम आपल्या हातात आहे, कुठला राज्याकडून मागून आणायचाय आणि कशासाठी थेट लोकांना विचारायचंय हे वेगवेगळं केलं, आणि त्या क्रमाने दहा वर्षं ते रेटलं. मधे चुका झाल्या, एक अख्खं वर्ष फुकट गेलं, त्यावर मी खाली सविस्तर लिहिलंय कारण या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो.

आधी थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसेल तर लोक एवढे सावध का वागले ते कळत नाही.

सफोकला पाण्यासाठी कडक नियम करायची सवय जुनी आहे. १९६० च्या दशकात इथल्या नळातून फेस यायचा, अक्षरशः ग्लासात साबणाचा फेस, कारण डिटर्जंट शोषखड्ड्यांतून विहिरींत उतरत होता. त्यावर काउंटीने १९७१ मध्ये डिटर्जंटच्या विक्रीवरच बंदी घातली, ती दहाएक वर्षं टिकली. १९७३ मध्ये नवीन घरांना नुसता शोषखड्डा चालणार नाही, आधी सेप्टिक टँक हवा, हा नियम आला. १९८० च्या सुमारास प्लॉट किती मोठा असला म्हणजे त्यावर ड्रेनेजशिवाय घर बांधता येईल याची मर्यादा आली, काही भागात अर्धा एकर, काही भागात जवळपास एक एकर. आणि १९८७ मध्ये मतदारांनी पाव टक्का जादा सेल्स टॅक्स मंजूर केला, फक्त पाण्याच्या रक्षणासाठी, त्यातून पाइन बॅरन्सची जंगलजमीन विकत घेतली गेली आणि ड्रेनेज असलेल्या भागातल्या लोकांचे दर आवाक्यात ठेवले गेले.

हे सगळं चांगलंच. पण सेप्टिक टँकचा तो १९७३ चा नियम घाण अडवतो, नायट्रोजन अडवत नाही. टँकमध्ये घट्ट भाग बसतो, जिवाणूंचा थोडा बंदोबस्त होतो, पण विरघळलेला नायट्रोजन पाण्याबरोबर जसाच्या तसा पुढे जातो. शिवाय नियमात मोठी पळवाट होती, जुना शोषखड्डा कोसळला तर त्याच्या जागी नवा शोषखड्डाच बसवायला परवानगी होती. म्हणजे बंदी येऊनही अडीच लाख खड्डे जागच्या जागी राहिले आणि नवे होत राहिले.

मग ड्रेनेज लाइन का नाही टाकली, हा पहिला प्रश्न कोणीही विचारतो. टाकली होती, काउंटीच्या नैऋत्य भागात, १९७० च्या दशकात, बॅबिलॉनजवळच्या बर्गन पॉइंटला मोठं प्रक्रिया केंद्र बांधून. पण त्या प्रोजेक्टचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, भ्रष्टाचाराची प्रकरणं झाली, चौकश्या झाल्या, आणि त्यानंतर एक अख्खी पिढी सफोकमधल्या कुठल्याही पुढाऱ्याने ड्रेनेजचं नाव काढायची हिंमत केली नाही. त्यात एक तांत्रिक अडचणही आहे जी फारशी कोणी बोलत नाही, ड्रेनेजने गोळा केलेलं पाणी शुद्ध करून लांब समुद्रात सोडलं की तेवढं पाणी परत जमिनीत मुरत नाही, आणि ओढ्यांचं पाणी कमी होतं. शिवाय विरळ वस्तीत एकेका घरापर्यंत पाइप नेणं परवडतच नाही.

दुसरी जखम पैशाची. २०११ मध्ये काउंटीचं बजेट तुटीत आलं तेव्हा त्या पाव टक्क्याच्या पाण्याच्या फंडातले शिल्लक पैसे, सुमारे २.९ कोटी डॉलर, मतदारांना न विचारता सर्वसाधारण खर्चाकडे वळवले गेले. पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या आणि कोर्टाने काउंटीच्या विरोधात निकाल दिला, कारण जो कायदा लोकांच्या मताने झाला तो लोकांना विचारल्याशिवाय बदलता येत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पाण्यासाठी म्हणून घेतलेला पैसा पाण्यालाच जाईल हा भरवसा एकदा तुटला की पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने मत मागणार.

तर २०१२ मध्ये स्टीव्ह बेलोन काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रमुख, झाले तेव्हा परिस्थिती ही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं, दक्षिण किनारा पाण्याखाली गेला, शोषखड्डे समुद्राच्या पाण्याने भरून उलटे वाहिले. किनाऱ्यावरची खारफुटीसारखी गवताळ दलदल लाटांचा जोर अडवते आणि नायट्रोजनमुळे तिच्या मुळांची पकड सैल होते, हे तेव्हा लोकांना पटायला लागलं. २०१४ मध्ये बेलोन यांनी नायट्रोजनला पाण्याचा एक नंबरचा शत्रू म्हणून जाहीर केलं.

इथून पुढे क्रम बघा. आरोग्याचा सॅनिटरी कोड हा काउंटीच्या स्वतःच्या अधिकारातला, त्यासाठी राज्याची राजधानी ऑल्बनीला जायची गरज नव्हती. म्हणून सुरुवात तिथून. आधी लॉटरी काढून काही घरांना नवीन प्रकारच्या टाक्या फुकट बसवून दिल्या आणि त्यांचं पाणी तपासलं. या टाक्यांत पाण्यात हवा सोडतात म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होतं, मग ते पाणी हवा नसलेल्या कप्प्यात फिरवतात आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नायट्रोजन लिटरमागे १९ मिलिग्रॅमच्या आत हवा, साध्या सेप्टिकमध्ये तो त्याच्या तिप्पट किंवा जास्तही असतो. पंप, ब्लोअर, भिंतीवर अलार्मचा डबा, विजेचं थोडं बिल आणि दरवर्षी येऊन बघणारा मेकॅनिक, एवढं सगळं त्यात येतं, म्हणजे घरमालकाला ज्याचा विसर पडला होता ती गोष्ट आता एक मशीन झाली. २०१६ मध्ये काउंटीने सॅनिटरी कोडमध्ये कलम १९ घातलं आणि या टाक्यांना मान्यता द्यायची, तपासायची, नोंद ठेवायची पद्धत ठरवली. लक्षात घ्या, सक्ती अजून कोणावर केली नव्हती, फक्त कायदेशीर जागा तयार केली.

जुलै २०१७ मध्ये अनुदान सुरू झालं. २०१९ च्या जुलैपासून ती जुनी पळवाट बंद, खड्डा मोडला तर त्याच्या जागी नुसता खड्डा नाही, निदान सेप्टिक टँक तरी हवाच. २०२० मध्ये संपूर्ण काउंटीचा पाणलोटवार आराखडा मंजूर झाला, कुठल्या खाडीत किती नायट्रोजन जातो, कुठून आधी सुरुवात करायची, कुठे ड्रेनेज आणि कुठे टाकी. आणि २०२१ च्या जुलैपासून नवीन घर बांधायचं तर नायट्रोजन काढणारी टाकी सक्तीची. पूर्वेकडच्या ईस्ट हॅम्प्टनसारख्या टाउनने, म्हणजे काउंटीच्या आतल्या स्थानिक सरकारने, तर ही सक्ती २०१८ पासूनच केली होती. त्यांना ते जमलं कारण पूर्वेकडच्या पाच टाउन्सना घरांच्या खरेदी-विक्रीवर २ टक्के कर घ्यायची परवानगी १९९० च्या दशकापासून आहे, आणि २०१६ मध्ये मतदारांनी त्यातला वीस टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्याच्या कामाला वापरायला मान्यता दिली. हॅम्प्टन्समध्ये बंगल्यांचे सौदे होतात त्या आकड्यांवर २ टक्के म्हणजे काय रक्कम होते ते तुम्हीच बघा. पश्चिमेकडच्या मॅस्टिक किंवा ब्रेंटवूडच्या माणसाकडे असा कुठलाच फंड नव्हता. जिथे पैसा आहे तिथे पाणी आधी सुधारतं, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलेलं आहे.

नियम करून झाले पण पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच होता. एक टाकी बसवायला सगळं धरून २० ते ३० हजार डॉलर, अवघड प्लॉट असेल तर त्याहून जास्त. काउंटी आणि राज्य मिळून जास्तीत जास्त ३० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं, पण ते दरवर्षीच्या बजेटवर आणि राज्याच्या मेहेरबानीवर अवलंबून, त्यामुळे साडेतीन लाख खड्ड्यांपुढे बदललेल्या टाक्या काही हजारच. त्यात आणखी एक विचित्र घोटाळा झाला. अनुदानाचा चेक थेट काँट्रॅक्टरला जायचा, घरमालकाच्या हातात एक सेंटही यायचा नाही, तरी २०२० मध्ये फेडरल टॅक्स खात्याने म्हणजे आयआरएसने सांगितलं की हे घरमालकाचं उत्पन्न आहे, त्यावर टॅक्स लागेल. ज्या माणसाने काउंटीच्या शब्दावर, खाडी स्वच्छ व्हावी म्हणून आपलं लॉन खणू दिलं त्याला हजारोंचं बिल. शेजारीपाजारी हे ऐकलेले लोक साहजिकच मागे सरले. अनुदानाची योजना आखताना त्यावर टॅक्स लागेल का हे पहिल्याच दिवशी लेखी मागवून घ्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कुठल्याही जिल्ह्याने, कुठल्याही देशात, अशी योजना करताना हे आधी करावं.

ड्रेनेजचंही थोडं सांगतो. सँडीनंतर आलेल्या मदतीतून तीन भागांत ड्रेनेज टाकायचं ठरलं आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांचं मत घेतलं. मॅस्टिककडच्या फोर्ज रिव्हरच्या आणि बॅबिलॉनकडच्या कार्ल्स रिव्हरच्या लोकांनी हो म्हटलं, ग्रेट रिव्हरकडच्यांनी नाही म्हटलं. त्या नकाराकडे अडाणीपणा म्हणून बघू नये, वर्षाचं वाढीव बिल, रस्ते खणणं, आणि ड्रेनेज आलं की मागोमाग मोठ्या इमारती येतील ही भीती, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये काउंटीला आपल्या मनाने सेल्स टॅक्स वाढवता येत नाही. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने तेवढ्यापुरता खास परवानगीचा कायदा करावा लागतो, मग काउंटी लेजिस्लेचरने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या सभागृहाने, तो प्रश्न मतपत्रिकेवर ठेवायचा ठराव करावा लागतो आणि मग मतदारांनी हो म्हणावं लागतं. म्हणजे तीन दारं, आणि तिन्ही वेगवेगळ्या लोकांच्या हातात. त्यामुळे काउंटीच्या दरवर्षीच्या मागण्यांच्या यादीत ऑल्बनीकडे काय मागायचं हे ठरवणं हा नुसता कागदी प्रकार राहत नाही. मागण्या वीस असल्या तर आमदार एकही मनावर घेत नाही. सफोकने सांडपाण्याच्या बाबतीत एकच मोठी मागणी धरून ठेवली, पाण्याच्या कामासाठी एक अष्टमांश टक्का सेल्स टॅक्स, आणि सोबत काउंटीतले विखुरलेले ड्रेनेज जिल्हे एकत्र करून काउंटीभर एकच सांडपाणी व्यवस्थापन जिल्हा करायची परवानगी. पर्यावरण संघटना, बिल्डर आणि कामगार युनियन हे तिघं एरवी एकमेकांच्या विरोधात उभे असतात, ते या एका मागणीवर एका बाजूला आले कारण प्रत्येकाला त्यात काहीतरी होतं, एकाला खाडी, एकाला बांधकामाची परवानगी, एकाला काम. असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, फ्रेड थील हे पूर्वेकडचे अनुभवी सदस्य यामागे होते. २०२३ च्या राज्य बजेटबरोबर परवानगी मिळाली. पहिलं दार उघडलं.

आणि दुसऱ्या दारापाशी सगळं अडलं. काउंटी लेजिस्लेचरमध्ये १८ सदस्य, बहुमत रिपब्लिकन पक्षाचं, अध्यक्ष केविन मॅकॅफ्री. जुलै २०२३ मध्ये त्यांनी सुनावणी पुढे ढकलली आणि प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जाण्याची मुदत निघून गेली. त्यांचं म्हणणं असं की या कायद्यात पैशाचा मोठा हिस्सा, पाऊण भागाच्या आसपास, घरोघरच्या टाक्यांना जातोय आणि ड्रेनेजला फार थोडं उरतंय. विरोधकांचं म्हणणं असं की त्या वर्षी निवडणूक होती आणि पाण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर असला तर डेमोक्रॅटिक मतदार जास्त संख्येने बाहेर येतील ही भीती होती. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण मला विचाराल तर त्यांचा मुद्दा बरोबर होता आणि त्यांनी केलं ते चूक होतं. मुद्दा बरोबर अशासाठी की पश्चिमेकडच्या दाट वस्तीत, जिथे साठ बाय शंभर फुटांच्या प्लॉटवर घराला घर लागून आहे, तिथे प्रत्येक लॉनमध्ये मशीन पुरण्यापेक्षा पाइप टाकणं जास्त शहाणपणाचं आहे, आणि गावच्या मेन स्ट्रीटवर साधं हॉटेल उघडायचं म्हटलं तरी ड्रेनेजशिवाय आरोग्य खात्याची परवानगी मिळणं अवघड. पाऊण हिस्सा टाक्यांना म्हणजे नकळत पूर्वेकडच्या मोठ्या प्लॉटवाल्यांना झुकतं माप, असं पश्चिमेकडच्यांना वाटलं तर त्यात गैर काही नव्हतं. पण मग ही तक्रार विधेयक ऑल्बनीत असताना करायची, मतदारांच्या दारात आल्यावर दार लावून घ्यायचं नाही. लोकांनी नाकारलं असतं तर तो त्यांचा निर्णय झाला असता.

आणि इथे काउंटी एक्झिक्युटिव्हच्या बाजूचीही चूक मला दिसते. परवानगीचा कायदा लिहिताना ज्यांच्या मतांवर पुढचं सगळं अवलंबून होतं त्या १८ जणांना आधी बसवून वाटणी ठरवायला हवी होती. ती झाली असती तर २०२३ चा नोव्हेंबर हातचा गेला नसता.

२०२४ मध्ये माणसं बदलली. बेलोन यांची मुदत संपली, एड रोमेन काउंटी एक्झिक्युटिव्ह झाले. ते रिपब्लिकन, आधी ब्रूकहेवन टाउनचे प्रमुख, म्हणजे दाट वस्ती आणि खाडी दोन्ही ज्याच्या हद्दीत आहेत अशा टाउनचा अनुभव. नवीन वाटणी ठरली ती सरळ अर्धी-अर्धी, निम्मे पैसे ड्रेनेजला, निम्मे टाक्यांच्या अनुदानाला. ही वाटणी घेऊन परत ऑल्बनीला जावं लागलं कारण मूळ कायद्यातच दुरुस्ती हवी होती. ती झाली, लेजिस्लेचरने यावेळी प्रश्न मतपत्रिकेवर ठेवला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला प्रपोझिशन २ म्हणून तो लोकांपुढे आला.

प्रचार अगदी साधा होता आणि मला तो फार आवडला. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. सेल्स टॅक्स ८.६२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्के. किराणा आणि औषधांवर सेल्स टॅक्स लागतच नाही त्यामुळे गरीब घराला झळ कमी, आणि उन्हाळ्यात हॅम्प्टन्सला आणि वाइनरीला येणारे पाहुणेही तो भरणार कारण सांडपाणी तेही करतात. पैसा वेगळ्या फंडात, २०६० पर्यंत, आणि १९८७ चा तो जुना पाव टक्काही, जो २०३० ला संपणार होता, २०६० पर्यंत वाढवलेला. राज्याचा, फेडरल सरकारचा पैसा जोडून पुढच्या काळात अब्जावधी डॉलरचं काम यातून होईल असा अंदाज मांडला गेला. २०११ चं प्रकरण लोकांना आठवत होतंच, म्हणून पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही हे परत परत सांगावं लागलं.

सुमारे ७० टक्के मतदारांनी हो म्हटलं. त्याच मतपत्रिकेवर, त्याच दिवशी, याच काउंटीने राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्पना बहुमत दिलं. एरवी टॅक्स या शब्दाने जी माणसं उठून जातात त्यांनी स्वतःवर टॅक्स लावून घेतला, कारण खाडी त्यांच्या दाराशी आहे, लहानपणी पायाने क्लॅम शोधलेली माणसं अजून जिवंत आहेत, आणि आता उन्हाळ्यात तिथे पाण्याजवळ जाऊ नका, कुत्र्याला पाणी पिऊ देऊ नका असे बोर्ड लागतात ते त्यांनी बघितलंय. वर्षभर आधी या लोकांना विचारलंसुद्धा गेलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. ते एक वर्ष म्हणजे वर्षाला कोट्यवधी डॉलर, आणि तेवढ्या काळात कोसळलेल्या खड्ड्यांच्या जागी बसलेल्या साध्या टाक्या, ज्या आता पुढची तीसेक वर्षं कोणी काढणार नाही.

१ मार्च २०२५ पासून कर लागू झाला. खरेदीच्या पावतीवर तो वेगळा दिसत नाही, नुसतं ८.७५ दिसतं.

पुढे काय अवघड आहे तेही लिहितो. अर्धी-अर्धी वाटणी कायद्यात आहे पण त्या निम्म्यातली कुठली ड्रेनेज लाइन आधी, हे दरवर्षी ठरणार, आणि प्रत्येक लेजिस्लेटरला आपल्या भागातली लाइन आधी हवी असणार. तिथे २०२० चा पाणलोटवार आराखडा समोर ठेवून ठरवायचं की कोणाचा आवाज मोठा त्यावर, यावर पाण्याचं बरंच काही अवलंबून आहे. टाक्यांचं म्हणाल तर अनुदान वाढलं तरी प्रशिक्षित बसवणारे आणि पुढे देखभाल करणारे मेकॅनिक पुरेसे लागतील. देखभालीचं काँट्रॅक्ट संपल्यावर घरमालकाने ते पुढे चालू ठेवलंय की ब्लोअर बंद करून ठेवलाय हे काउंटीने तपासत राहायला हवं, कारण हवा बंद झाली की ती महागडी टाकी साध्या सेप्टिक टँकसारखीच वागते.

आणि सगळ्यात अवघड नियम अजून पुढे आहे. घर विकताना किंवा जुना खड्डा निकामी झाल्यावर नायट्रोजन काढणारीच टाकी बसवायची, ही दिशा आराखड्यात दाखवलेली आहे. घरविक्रीच्या वेळची सक्ती इथल्या प्रत्येक घरमालकाला, ब्रोकरला, म्हाताऱ्या आईबापांचं घर विकायला निघालेल्या मुलाला लागेल. ती आणायची असेल तर कमी उत्पन्नाच्या घरांसाठी पूर्ण अनुदान आधी तयार पाहिजे, आणि अनुदानावर टॅक्स लागणार नाही याची लेखी हमी हातात पाहिजे. इथे घर घेणाऱ्या आपल्या लोकांना माझं सांगणं एवढंच, इन्स्पेक्शनच्या वेळी शोषखड्डा आहे की सेप्टिक टँक आहे, कुठल्या साली बसवलाय आणि काउंटीच्या आरोग्य खात्यात त्याची नोंद आहे का, हे वकिलाकडून लेखी मागवा, आणि शोषखड्डाच असेल तर विकणाऱ्याकडून किंमत कमी करून घ्या आणि घर ताब्यात आल्या आल्या अनुदानाचा अर्ज टाका.